विमानाचे सांधे चाचपणारी

गोपभाऊंचा फोन आला तेव्हा मी बदलापूरच्या घरी गॅलरीत वाल सोलत बसले होते. दुपार कलत होती. समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून ऊन हळूहळू खाली सरकत होतं आणि मी त्याच्याकडे बघत बघत, हातांना त्यांचं काम करू देऊन, अर्धवट कुठेतरी हरवलेली होते. गोपभाऊ म्हणजे माझ्या बालमैत्रिणीचे, शरयूचे यजमान. उल्हासनगरचे सिंधी. सिंधीत बहिणीला म्हणतात तसं ते मला 'अदी' म्हणतात, बाकी सगळं हिंदीत. मराठी त्यांना छान येतं, पण बोलायची लाज वाटते. त्या दिवशी मात्र फोनवर ते अगदी स्वच्छ मराठीत म्हणाले, "अदी, आपली शरयू गेली." ...मला आधी त्या मराठीचंच नवल वाटलं. अर्थ नंतर आला. जेवून आडवी झाली होती, ती उठलीच नाही.

या गोष्टीला काही आठवडे झाले. अजूनही ती मला दिसते ती अंबरनाथच्या बुवापाड्यातली, दोन वेण्यांची. आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिचे वडील कारखान्यात फिटर, माझे तिथेच पाळीवर. शिवमंदिराच्या जत्रेत आम्ही साऱ्या मुली आकाशपाळण्यात बसायला धावायचो आणि ही खाली उभी राहायची. वरून मला ती एवढीशी दिसायची, मान वर करून पाळण्याच्या मधल्या दांड्याकडे टक लावून बघणारी. "अगं, बस की एकदा," मी म्हणायचे. ती म्हणायची, "वर गेल्यावर काय हलतंय ते दिसत नाही." तेव्हा मला ते येडपटपणाचं वाटायचं. पुढे ती विमानदुरुस्तीचं शिकली, परीक्षेमागून परीक्षा देत राहिली, लायसन्स मिळवलं आणि घाटापलीकडे एका लहानशा धावपट्टीवर, विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थेत कामाला लागली, तेव्हा आमच्या गल्लीत सगळे विचारत, "मग आता शरयू विमान चालवणार?" तिची आई कंटाळून सांगायची, "नाही हो. ती खालीच असते."

गोपभाऊंची आणि तिची ओळख झाली ती खिशावरून. उल्हासनगरात त्यांचं जीन्स शिवायचं छोटं युनिट होतं. ही तिथे गेली आणि म्हणाली, बायकांच्या पॅन्टला खिसे का नसतात, मला पाना मावेल एवढा खिसा पाहिजे. त्यांनी स्वतः मशीनवर बसून शिवून दिला आणि देताना विचारलं, "मॅडम, एक बात बताओ. प्लेन गिरता क्यूँ नहीं?" ती म्हणाली, "पुढच्या वेळी सांगते." असं पुढच्या वेळी, पुढच्या वेळी करत दोघांचं लग्न झालं. दोन्ही घरांत थोडी कुरकुर झाली. आठवडाभर ती धावपट्टीजवळच्या खोलीत राहायची, सुट्टीला उल्हासनगर. गोपभाऊ तिच्यासाठी सिंधी कढी करून ठेवायचे आणि ती येईपर्यंत स्वतः जेवायचे नाहीत.

एकदा मी तिच्याकडे राहायला गेले होते. हिवाळ्याची सकाळ होती. हँगरच्या उघड्या दारातून धुकं आत येत होतं आणि त्यात ती छोटी दोन माणसांची विमानं पाण्यात उभ्या असलेल्या गुरांसारखी शांत दिसत होती. तिने एका विमानाच्या पंखाखालचं झाकण काढून मला आतला दांडा दाखवला. पायलट हातातली दांडी इकडे-तिकडे करतो, ती हालचाल असल्याच दांड्यांतून आणि तारांतून पंखापर्यंत, शेपटीपर्यंत पोचते. प्रत्येक दांड्याच्या टोकाला एक लोखंडी डोळा आणि त्या डोळ्यात फिरणारा एक गुळगुळीत गोळा. तिचे लोक त्याला 'रॉड एंड' म्हणतात. "तुझ्या खांद्यात असतो ना, तसाच सांधा," ती म्हणाली. तो घट्ट झाला तर पायलटचा हात जड होतो, आणि झिजून सैल झाला तर हाताने सांगितलेलं पंखापर्यंत पूर्ण पोचत नाही. गंज, धूळ, पावसाळ्यातली दमट हवा, सगळं तिथे जाऊन बसतं. तिने माझा हात धरून त्या टोकावर ठेवला आणि दांडा अलगद मागेपुढे केला.

"डोळे मीट. काय लागतंय?"

"काहीच नाही गं."

"मग चांगलाय," ती म्हणाली आणि हसली. मग तिने स्वतः डोळे मिटून तोच सांधा चाचपला. कितीतरी वेळ. पोटातलं बाळ हललं की बाई मधेच बोलायची थांबते ना... तसा चेहरा होता तिचा. तिला मूल झालं नाही. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही, पण तो चेहरा मी विसरले नाही.

मग साखर मागे लागली. तिच्या घरात होतीच ती, आईलाही, आजीलाही. एका रविवारी उल्हासनगरला त्यांच्याकडे चहा घेत होतो. स्टीलचा पेला एवढा तापलेला की मी पदराने धरला होता. ही मात्र नुसत्या हाताने धरून बोलत बसलेली. मी म्हटलं, "शरे, पोळेल ना!" तिने पेल्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडे. बोटं लालबुंद झाली होती. पेला तिने सावकाश खाली ठेवला. गोपभाऊ स्वयंपाकघरात होते. ती एवढंच म्हणाली, "त्यांना नको सांगूस."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते झालं. एका विमानाचा सांधा बदलला होता. तिने तपासला, ठीक म्हणाली. असल्या कामावर दुसऱ्या माणसाने पुन्हा हात फिरवायचा नियमच असतो. तिचा सहकारी राणे आला, त्याने दांडा हलवून पाहिला आणि म्हणाला, "ताई, जरा प्ले वाटतोय." प्ले म्हणजे ढिलाई, अगदी केसाएवढी. शरयूने पुन्हा हात लावला. डोळे मिटले. काही नाही. राणेचा हात धरून त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. काही नाही. तिने मला नंतर सांगितलं, "वीणा, दार वाजतंय हे शेजारच्याला ऐकू येतं आणि आपण घरात बसून म्हणतो, कोणी नाही... तसं झालं गं." विमान जमिनीवरच होतं, कुणाला काही झालं नव्हतं. सांधा पुन्हा बदलला की विषय मिटत होता. राणे कुणाला बोलणारही नव्हता. पण ती पाना खाली ठेवून तशीच संचालकांकडे गेली आणि म्हणाली, माझ्या बोटांना कळत नाही, आणि कधीपासून ते मला माहीत नाही, म्हणून गेल्या काही महिन्यांत मी पास केलेलं प्रत्येक विमान थांबवा आणि पुन्हा तपासा.

उडायचा ऐन हंगाम होता. मुलं लांबून लांबून येऊन राहिलेली, त्यांचे उड्डाणाचे तास अडले. संचालक माणूस वाईट नव्हता, पण वैतागला. म्हणाला, "शरयूताई, मोजायची यंत्रं आहेत, राणेचे हात आहेत. तुम्ही उभ्या राहून बघा आणि सही करा. तुमच्या सहीवर सगळ्यांचा भरवसा आहे." ती म्हणाली, "हात माझा नाही, तर सही माझी कशी?" सगळी विमानं उघडली गेली. ती रोज हँगरच्या दाराशी स्टुलावर बसून राहायची, राणे एकेक सांधा चाचपायचा आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. बाकीचे सगळे ठीक निघाले. शेवटच्या दिवशी संध्याकाळी संचालक स्वतः चहा घेऊन आले, म्हणाले, झालं ना समाधान, उद्यापासून या कामावर. ती रडायला लागली. "ठीक निघाले ते माझ्या हाताने की नशिबाने, ते मला आता सांगता येत नाही," म्हणाली, आणि घरी आली ती कायमची.

तिचे नंतरचे दिवस मला धुक्यातून दिसतात. गोपभाऊ तिला स्कूटरवर मागे बसवून बारवी धरणाकडे न्यायचे. कधी मीही रिक्षाने जाऊन भेटायचे. भाताची खाचरं, मागे रान, मधे ते स्थिर पाणी. ती तासन्‌तास काठावर बसायची, तळवे उताणे मांडीवर ठेवून, जणू कुणीतरी येऊन त्यांत काही ठेवणार आहे. कधी म्हणायची, स्वप्न पडलं, विमानं पाण्यावर उतरलीत आणि मी सगळ्यांचे पंख हाताने हलवून बघतेय, आणि सगळं लागतंय गं हाताला, पाणीसुद्धा... गोपभाऊ रानाकडे तोंड फिरवायचे.

मग एक दिवस तिच्या संस्थेत विमान शिकवणाऱ्या कॅप्टनचा निरोप आला, मॅडमना एकदा वर घेऊन जायचंय. इतकी वर्षं ती खालीच राहिलेली. कामासाठी वर बोलावलं तरी काही ना काही कारण काढायची. या वेळी गेली. गोपभाऊ आणि मी धावपट्टीच्या कडेला गवतात उभे होतो. ते विमान वर गेलं, वळलं, उन्हात एकदा चमकलं आणि लांब टेकडीवर कापसाच्या म्हातारीसारखं तरंगत राहिलं. गोपभाऊ हात जोडून उभे. "अदी," ते म्हणाले, "उसने आज तक नहीं बताया, प्लेन गिरता क्यूँ नहीं." उतरल्यावर ती मला म्हणाली, "त्यांनी दांडी माझ्या हातात दिली. बोटांना काही कळलं नाही. पण विमान वळलं ना, ते पाठीला कळलं. खांद्याला कळलं. कुठे काही अडकत नव्हतं, वीणा." त्या दिवशी तिने परत येताना गाडीत गाणी म्हटली. आवाज अगदीच बेताचा होता तिचा.

परवा उल्हासनगरला गेले. युनिट गोपभाऊंनी केव्हाच बंद केलंय. खोलीत उकडत होतं, पंखा फिरत होता. ते मधेच उठले आणि त्यांनी पंखा बंद केला. "आँख में मोतियाबिंद है, मुझे दिखता नहीं. अदी, ज़रा देखना." तेव्हा मला कळलं. घरी बसल्यावर शरयूने घरातल्या प्रत्येक नटावर, स्क्रूवर लाल रंगाची बारीक रेघ ओढून ठेवलीय, अर्धी नटावर, अर्धी खालच्या पत्र्यावर. विमानाला ओढतात तशीच. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि डोळ्याला दिसते, हात लावावा लागत नाही. कुकरच्या दांड्यावर, खिडकीच्या बिजागरीवर, त्यांच्या स्कूटरवर, सगळीकडे. आम्ही दोघं मान वर करून उभे राहिलो. पंखा मंदावत गेला. आधी नुसतं लालसर वर्तुळ, मग ते विरलं, मग ठिपके झाले... आणि मग तिन्ही पात्यांवरच्या रेघा एकेक करून समोर येऊन थांबल्या.

"सीधी है?"

"सरळ आहेत, भाऊ. सगळ्या."

त्यांनी चाचपडत बटण शोधलं आणि पंखा लावला.