‘कर्णकर्कश’चा दुसरा अल्बम

कानाच्या दवाखान्यात अठरा वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे कानमास्तर म्हणायचे. मास्तर तो कुणाचाच नव्हता. काम एवढंच, की आलेल्या पेशंटला एका बंदिस्त खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, आपण काचेच्या अलीकडे बसून बटणं दाबायची, आणि आत बारीकसा ‘टुंई’ ऐकू आला की पेशंटने हात वर करायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण कमी ऐकू येणारा माणूस ते कबूल करण्यापेक्षा दुसरं काहीही करायला तयार असतो. आजोबा लोक तर त्यात सराईत. कानात काही पडो न पडो, काचेतून मास्तरच्या तोंडाकडे टक लावून बसायचे, आणि त्याची भुवई जरा हलली की लगेच हात वर. म्हणून त्याने इतक्या वर्षांत आपला चेहरा असा करून टाकला होता की त्यावरून कुणाला काही म्हणता काही कळू नये. बायको म्हणायची, “यांना लॉटरी लागली काय नि यांचा पाय मोडला काय, तोंड एकच.”

हाच माणूस ‘कर्णकर्कश’ नावाच्या रॉक बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. दिवसभर लोकांना “आवाज जरा कमी ठेवत जा” असं सांगायचं आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच खिडक्यांची तावदानं हलवायची. यात काही विसंगती आहे असं त्याला वाटत नसे. वाटत असलं तरी चेहऱ्यावरून कळत नसे.

बँडमध्ये चौघं होते. ड्रमवर त्याची थोरली बहीण, म्हणजे ताई. ती मोटार शिकवणाऱ्या शाळेत शिकवायची. शिकाऊ माणसाने वेळेवर ब्रेक दाबला नाही की तो तिलाच दाबावा लागे, त्यामुळे तिचे पाय भलतेच तयार झालेले. गाणारे म्हणजे ताईचे यजमान, फ्रिजच्या दुकानात विक्रेते. त्यांना सगळा बँड भावोजीच म्हणायचा. आणि गिटारवर एक घड्याळवाला, जो बोलायचा कमी आणि वाजवायचा फार.

त्यांचा पहिला अल्बम ‘ठणाणा’. त्यात अकरा गाणी, आणि अकराही गाण्यांत काहीतरी जळत असे. त्यातलं ‘फोडून टाक’ हे गाणं गावभर वाजलं होतं. एका व्यायामशाळेत तर ते सकाळी वजनं उचलताना लावत. त्यालाही आता सात वर्षं झाली होती. दुसऱ्या अल्बमचा विषय दर वाढदिवसाला निघायचा आणि केक कापेपर्यंत टिकायचा.

मग एके दिवशी ताई दुपारी कुणाला तरी गाडी मागे घ्यायला शिकवत असताना गाडीतल्या रेडिओवर ‘फोडून टाक’ लागलं. ती खूश झाली. गाणं संपल्यावर निवेदक म्हणाला, “हा होता एक बंद पडलेला बँड. त्यांच्यातले काही जण आज हयातही नसतील.”

ताई तडक दवाखान्यात आली. तिथे तीन पेशंट बसलेले.

“आपल्यातलं कोण मेलं रे?” तिने दारातूनच विचारलं.

“कुणीच नाही.”

“मग अल्बम कधी करायचा?”

अडचण जागेची होती. पूर्वी ते ज्या तळघरात वाजवायचे तिथे आता एकाने गाद्यांचं गोदाम केलं होतं. भावोजींच्या घरात शेजारी ऐकून घेईनात. कानमास्तर सहज बोलून गेला, “आमच्या तपासणीच्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येते.” बोलला आणि पस्तावला, कारण ताईने त्याला तिथेच पकडलं.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई कडक होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “रविवारी सकाळी या. आत खायचं नाही. पेशंटच्या खुर्चीवर बूट ठेवायचे नाहीत. आणि माझ्या मशिनला कुणी हात लावला, तर तुमचे कान मी तपासेन.”

पहिल्या रविवारी चौघं सगळं सामान घेऊन आले आणि त्या खोलीपुढे उभे राहिले. खोली कसली, उभं कपाट. आत एक खुर्ची, भिंतींना स्पंज आणि वीतभर जाडीचं दार. भावोजींनी दार दोनदा उघडून लावून पाहिलं.

“रबर उत्तम आहे,” ते म्हणाले. आयुष्यभर फ्रिज विकलेले.

मोठा ड्रम दारातून जाईना. आडवा केला, तिरका केला, ताईने त्याला मोटारीसारखं पुढे-मागे घेऊन पाहिलं. शेवटी ती एकच छोटा ड्रम मांडीवर घेऊन आत बसली. एका वेळी एकच माणूस मावत होता. म्हणजे बँडने बँडसारखं वाजवायचं नाही, पाळीपाळीने वाजवायचं. घड्याळवाल्याला हे फार आवडलं. तो आत जाऊन बसला की बाहेरच येईना. त्याचे ते लांबलचक सोलो, ज्यात बोटं दिसत नसत, त्या खोलीत ऐकले तर निम्मे सूर नुसतेच घसरलेले. त्याने चार रविवार घालवून एका सोलोचे सहा सूर केले. “बाकीचे कशाला होते कुणास ठाऊक,” तो म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं ते सर्वांत मोठं वाक्य.

खरा घोळ भावोजींचा झाला. ते आत गेले, छाती फुगवली आणि ‘पेटव सगळं’ म्हणून गर्जना केली. स्पंजने ती गर्जना गिळून टाकली. बाहेर ऐकू आलं ते कुणीतरी घसा साफ केल्यासारखं. त्यांनी पुन्हा गर्जना केली. तिसऱ्या वेळी ते लालबुंद होऊन बाहेर आले.

“तुझ्या खोलीत दोष आहे.”

“खोली बरोबर आहे, भावोजी,” कानमास्तर म्हणाला. “तुम्ही सुरात नव्हता.”

“मी गेली वीस वर्षं असाच गातोय!”

घड्याळवाला गिटारच्या तारा पुसायला लागला, ताई ड्रमचे स्क्रू आवळायला लागली, आणि त्यातून काय ते त्यांना बरोबर ऐकू आलं.

कानमास्तरला मात्र दुसरीच शंका आली. भावोजी हेडफोन लावताना डावा भाग सारखा कानामागे सरकवत होते. “बसाच जरा,” तो म्हणाला. डॉक्टरीणबाईंची परवानगी फोनवर घेतली आणि मशिन सुरू केलं. उजवा कान ठीक. डाव्या कानात त्याने आवाज वाढवत नेला, वाढवत नेला. भावोजी शांतपणे त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काही नव्हतंच, त्यामुळे हात काही वर जाईना.

आलेख पाहून ताईने विचारलं, “म्हणजे काय?”

“डाव्या कानाने अर्ध्याहून कमी. बरीच वर्षं असणार.”

ताई खुर्चीत बसली. “जेवताना मी यांच्या डावीकडे बसते,” ती म्हणाली. “झोपते डावीकडे. बावीस वर्षं.” मग नवऱ्याकडे वळून, उजव्या बाजूने, “म्हणजे मी तुम्हाला काय काय सांगितलं असेल!”

“मला वाटायचं, तू फार समजूतदार आहेस,” भावोजी म्हणाले. “कधी तक्रारच नाही.”

घड्याळवाला हसू दाबायला स्पंजच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

त्या आठवड्यात भावोजींनी दवाखान्यात चकरा मारल्या. कानात यंत्र बसवलं आणि त्यांना एकेक गोष्ट नव्याने ऐकू यायला लागली. आपल्या दुकानातले फ्रिज एवढे गुणगुणतात हे त्यांना माहीतच नव्हतं. पुढच्या रविवारी ते आत बसले आणि गर्जना न करता नुसतं बोलल्यासारखं गायले. आवाज चांगला होता. थोडा फाटका, पण खरा. पंचाईत अशी, की इतक्या हळू आवाजात ‘पेटव सगळं’ म्हटलं की कुणाला तरी गॅस लावायला सांगितल्यासारखं वाटे. तेव्हा शब्द बदलायला लागले. भावोजींनी दुकानाच्या पावत्यांच्या मागे नवी गाणी लिहिली. एक रात्रंदिवस गुणगुणणाऱ्या फ्रिजवर, एक दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या दोन अनोळखी माणसांवर, आणि एक ‘डावीकडे बसू नकोस’. ते ऐकून ताई बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिली. परत आल्यावर म्हणाली, “तिसऱ्या ओळीत ठेका चुकतोय,” आणि आत जाऊन नुसत्या तळव्यांनी मांडीवर वाजवून आली. तेच अल्बममध्ये राहिलं. अल्बमचं नाव ठेवलं ‘आवाज येतोय का?’.

अल्बम बाहेर पडला आणि सगळीकडून मार सुरू झाला. एका वर्तमानपत्राने लिहिलं, ‘कर्णकर्कशचे दात पडले.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘मौनाचं धाडस’, पण त्या लेखातून अल्बम चांगला की वाईट हे चौघांनी मिळून वाचूनही कळलं नाही. व्यायामशाळेवाल्याने निरोप पाठवला, की तुमचं नवं गाणं लावलं आणि दोन जण वजनं खाली ठेवून घरी गेले, अल्बम परत पाठवतोय. कानमास्तरच्या आईने पूर्ण अल्बम ऐकला. “हा बरा आहे,” ती म्हणाली. “शेजाऱ्यांना काही कळत नाही.”

एक चाहता दवाखान्यातच आला. दंडावर बँडचं नाव गोंदवलेलं. “मी हे कायमचं करून घेतलंय,” तो दंड पुढे करून म्हणाला, “आणि तुम्ही अंगाई गाताय?” कानमास्तरने त्याला पाणी दिलं, शर्टाची बाही खाली करून दिली, आणि बसवून त्याची तपासणी केली. कान ठणठणीत होते. “मग ऐका की नीट,” तो म्हणाला. चाहता आणखीनच चिडून गेला.

कार्यक्रम ठेवला होता शाळेच्या सभागृहात, दुपारी चार वाजता. साठ-सत्तर माणसं आली, बहुतेक ‘फोडून टाक’साठी. पहिलं गाणं हळू आवाजात सुरू झालं तशी मागून ओरड सुरू झाली. “आवाज! आवाज येत नाही!” भावोजींच्या यंत्रात तो कल्ला दुप्पट होऊन शिरला. ते मध्येच थांबले. ताईने काठ्या घट्ट धरल्या. आता ही उठून कुणाला तरी मारणार, असं भावाला दिसलं.

कार्यक्रमात कधी एक शब्द न बोललेला कानमास्तर माइकपाशी गेला. दुसरं काय बोलावं हे त्याला सुचेना, म्हणून अठरा वर्षं जे बोलत आला तेच बोलला.

“आवाज आला की हात वर करा. नाही आला तर करू नका. माझ्या तोंडाकडे बघून उपयोग नाही.”

लोक हसले. त्याने बासची एक तार छेडली. सगळे हात वर. मग जरा हळू. मग आणखी हळू. हसणं विरलं, खुर्च्यांची करकर थांबली. शेवटी त्याने तारेला नुसतं बोट टेकवलं आणि अख्खं सभागृह मान पुढे काढून बसलं. पाच-सहा हात वर झाले. त्यातल्या एका दंडावर बँडचं नाव होतं. त्या शांततेत ताईने तळव्याने ठेका धरला आणि भावोजी गाऊ लागले. कुणी हललं नाही. ‘डावीकडे बसू नकोस’च्या वेळी पहिल्या रांगेतल्या एक बाई नवऱ्याला कोपराने ढोसत होत्या.

म्हणून अल्बम फार गाजला असं काही नाही. व्यायामशाळेने तो परत केला तो केलाच. पण हळूहळू दवाखान्यात विचारणा व्हायला लागली. कानाला यंत्र लावणारे म्हणायचे, यातला शब्द न् शब्द कळतो, नाहीतर गाणं म्हणजे नुसता चिवडा. डॉक्टरीणबाईंनी तो बाकांपाशी लावून दिला. पेशंट इतके गुंगून बसायचे, की आपलं नाव पुकारलेलं त्यांना ऐकू येईना.

एका रविवारी चौघं पुन्हा जमले असताना डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. पांढरा कोट नाही, हातात माऊथ ऑर्गन.

“तिसरा करताय म्हणे,” त्या म्हणाल्या. “कॉलेजात वाजवायचे मी.”

त्यांना आत बसवलं. त्यांनी डोळे मिटून एक धून वाजवली. तिघांनी कानमास्तरकडे पाहिलं. शेवटी तिथली नोकरी त्याची होती. त्याने बराच वेळ विचार केला आणि दार उघडलं.

“डॉक्टर, वरचा सूर खाली लागतोय.”

“किती?”

“बराच.”

डॉक्टरीणबाईंनी माऊथ ऑर्गन झटकला, रुमालाने पुसला आणि पुन्हा तोंडाला लावला.

“दार लावा,” त्या म्हणाल्या.