गाळणी नाव पडलेला एग्लन

मे पेन नावाच्या गावात एक काळ असा होता की एग्लन पिनॉकला त्याच्या नावाने हाक मारणारी माणसं दोनच उरली होती. एक त्याची बायको मर्लीन, दुसरा चर्चचा पाद्री. बाकी सगळं गाव त्याला ‘गाळणी’ म्हणायचं. हे नाव ठेवलं व्हॅसल डेक्रसने. तेही माइकवरून, ईस्टर सोमवारच्या जत्रेत, भर दुपारी.

व्हॅसल ‘सॉलोमन टॉवर’ या साउंडचा मालक. ट्रकभर स्पीकरची खोकी घेऊन गावोगाव रेकॉर्ड वाजवायच्या आणि लोकांना नाचवायचं, हा त्याचा धंदा. ती कपाटाएवढी खोकी एग्लनने बांधली होती. प्रत्येकाच्या पोटात त्याने स्वतः गुंडाळलेली तांब्याच्या तारेची वेटोळी आणि कपॅसिटर बसवले होते. ॲम्प्लिफायरकडून येणाऱ्या आवाजाची तिथे वाटणी व्हायची. जाडजूड बास खालच्या मोठ्या स्पीकरला, झांजांची किणकिण वरच्या छोट्या ट्वीटरला. या वाटणी करणाऱ्याला क्रॉसओव्हर म्हणतात.

एग्लनने बजावून ठेवलं होतं, “बॉस, एकच ॲम्प्लिफायर सगळ्यांना पोसतोय. बासच्या बटणाचा कान जास्त पिळलात तर तो गुदमरेल, आणि त्याची फरफर वर जाऊन ट्वीटर जाळेल.”

“मला शिकवू नकोस रे,” व्हॅसल म्हणाला होता.

जत्रेत त्याने कान पिळलाच. वरचे सगळे ट्वीटर एकामागून एक गेले. गाणं घोंगडीखालून आल्यासारखं वाजायला लागलं, आणि लोक हुर्यो करू लागले. व्हॅसलने माइक उचलला.

“मंडळी, माझा दोष नाही! हा पिनॉक बघा. ह्याने क्रॉसओव्हर म्हणून गाळणी बसवलीय. माझी निम्मी ताकद हीच खाते!”

शेजारीच बोकडाच्या सुपाचा हंडा उकळत होता. व्हॅसलने तिथली तेलकट गाळणी उचलली आणि एग्लनच्या डोक्यावर टोपीसारखी बसवली. जत्रा लोटपोट हसली. मर्लीन हातात तळलेल्या माशाची थाळी घेऊन समोरच उभी होती. ती हसली नाही, पण रडलीही नाही, आणि एग्लनला तेच जास्त लागलं.

त्याने डोक्यावरची गाळणी काढली, परत हंड्यापाशी नेऊन ठेवली आणि चालता झाला. त्या दिवसापासून तो लोकांचे रेडिओ दुरुस्त करत बसे. तोंडाने कुणाला उलट बोलला नाही, पण मनात त्याने डूख धरला तो धरलाच.

मग एके सकाळी तो मिस इसिल्डाच्या खानावळीत गेला. तिचीही ‘मॉर्निंग बेल’ नावाची साउंड होती. पण तिचा आवाज इतका लहान, की लोक तिला भूतदयेने बोलवायचे.

“मिस इसिल्डा, मला तुमची साउंड नव्याने बांधू द्या.”

“का रे बाबा? लोकांना नाचवायचंय, की व्हॅसलला मारायचंय?”

“दोन्ही.”

इसिल्डा खुदकन हसली. “बोल, काय करणार?”

“वाटणी आधी करायची. आवाज बारीक असतो, ॲम्प्लिफायरमध्ये शिरलेलाही नसतो, तेव्हाच. मग बासला त्याचा ॲम्प्लिफायर, मधल्या सुराला त्याचा, ट्वीटरला त्याचा. वेटोळ्यांत ताकद जिरणार नाही. बास गुदमरला तरी त्याची झळ ट्वीटरला लागणार नाही.”

“म्हणजे एका चुलीवर तीन भांडी नकोत, तिघांना तीन चुली.”

“तसंच.”

“चुली जास्त म्हणजे सरपणही जास्त लागणार.”

“लागेल. पण कुणाचंच करपणार नाही.”

इसिल्डाने मागची खोली रिकामी करून दिली. एग्लन तिथे वर्षभर राबला. ऑगस्टमधल्या स्वातंत्र्यदिनाच्या सुटीला रॉकी पॉइंटच्या किनाऱ्यावर दोन्ही साउंड समोरासमोर उभ्या राहणार असं ठरलं, तेव्हा व्हॅसल सगळीकडे सांगत सुटला, “गाळणी येतेय! चहा टाका रे!”

ऊन उतरता उतरता सामना सुरू झाला. पहिल्या फेऱ्यांत एग्लनने मुद्दाम हात आखडता ठेवला. व्हॅसल चेकाळला. मग एग्लनने एक अशी रेकॉर्ड लावली की वाळूत उभ्या माणसांच्या पोटऱ्या थरथरल्या, आणि तरीही झांज काचेसारखी स्वच्छ वाजत होती. लोकांनी दाद म्हणून पातेल्यांची झाकणं बडवली.

आता व्हॅसल काय करणार हे एग्लनला स्वतःच्या तळहातासारखं माहीत होतं. पाळी येताच व्हॅसलने बासचा कान पिळला. एग्लनने त्याहून खोल बासची रेकॉर्ड लावून त्याला उत्तर दिलं. व्हॅसलने आणखी पिळला. आवाजात फरफर आली.

“अजून थोडं, साहेबा,” एग्लन ओठातल्या ओठात म्हणाला. “अजून थोडं.”

व्हॅसलने बटण शेवटपर्यंत नेलं. ट्वीटर जळाल्याचा वास वाऱ्याबरोबर इकडे आला. एग्लनने तो छाती भरून घेतला.

समोरच्याची साउंड बिघडली तर थांबावं, त्याला दुरुस्तीला वेळ द्यावा, असा रिवाज होता. इसिल्डाने एग्लनच्या खांद्यावर हात ठेवला. “जिंकलास. बस कर आता.”

“मला कुणी वेळ दिला होता?” म्हणत एग्लनने पुढची रेकॉर्ड लावली. मग आणखी एक. व्हॅसलची माणसं मान खाली घालून ट्रकमध्ये खोकी चढवत होती, आणि एग्लन त्यांच्या पाठीवर बास आदळत होता. ट्रक वळणाआड गेला तेव्हाच त्याने सुई उचलली.

त्यानंतर व्हॅसलला कुणी बोलवेना. काही महिन्यांनी तो टोपी हातात घेऊन एग्लनच्या दारात आला.

“मास एग्लन,” तो आदराची हाक मारत म्हणाला, “माझ्यासाठीही तसली एक साउंड बांध ना. झालं गेलं विसरून जा.”

एग्लनने हातातलं डाख देण्याचं काम पूर्ण केलं, त्याला तोवर उन्हात उभं ठेवलं, आणि मग म्हणाला, “नाही.”

“दुसरं काही बोलणार नाहीस?”

“नाही.”

व्हॅसलने ट्रक विकला आणि तो साखर कारखान्यात ऊस उतरवायला लागला. मर्लीनला हे बाजारात कळलं.

“त्याची बायको आज मला बघून वाट वाकडी करून गेली,” ती घरी येऊन म्हणाली. “आता तरी पोट भरलं का तुमचं?”

एग्लनने जरा विचार केला. त्याला खोटं बोलायचं नव्हतं.

“भरलं,” तो म्हणाला. “आणि गोड लागलं.”

मर्लीन पुढे त्याच्याबरोबर कधीच नाचायला गेली नाही. तो एकटा जायचा, आणि मॉर्निंग बेलच्या स्पीकरपुढे सगळ्यांत जवळ उभा राहायचा.