चांगले जंतू

आमच्या रेशमाच्या शेडच्या दाराशी ब्लीचिंगच्या पाण्याची बादली कायम भरलेली असायची. हात, पाय, घमेलं, विळा, सगळं त्यात बुचकळल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हा आमच्या मालकांचा कायदा. अळीला रोग लागायला वेळ लागत नाही, म्हणून ते माझ्या सख्ख्या भावालाही दारातूनच परत धाडायचे. हळूहळू माणसं यायचीच बंद झाली. मालक होते तोवर मला त्याचं काही वाटलं नाही.

ते गेल्यावर मी एकटीने दोन बॅच घेतल्या. दोन्ही वेळा शेवटच्या आठवड्यात अळ्या ढिल्या पडल्या, काळ्या होऊन कुजल्या. मुलगा सणसवाडीला कंपनीत आहे. तो फोनवर म्हणाला, "आई, ही बॅच गेली तर शेड बंद. तू इकडं यायचं." प्रेमानेच म्हणाला बिचारा. पण मुलगा-सून कामाला गेल्यावर त्या भाड्याच्या खोलीत भिंती बघत बसायचं माझ्याने होणार नव्हतं. इथे निदान खाऊ घालायला कोणीतरी होतं.

लहान अळ्या वाढवून देणारा वरवंडचा चॉकीवाला या वेळी एक पुडी देऊन गेला. चांगल्या जंतूंची पावडर. पाण्यात कालवून पाल्यावर फवारायची. अळीचं पोट धड राहतं, कोष वजनदार होतो. मला हसूच आलं. इतकी वर्षं जंतू मारले, आता विकत आणून खाऊ घालायचे! पण दही लावतोच की आपण, असं म्हणून फवारू लागले.

तिसरी कात टाकल्यावर पुन्हा काही अळ्या मलूल दिसल्या. चॉकीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, माझ्यासमोर फवारा. मी पंप उचलला, सवयीने बादलीत बुडवला, खळखळून धुतला आणि तसाच ओला घेऊन पावडर ओतायला गेले. त्याने पंपच धरला.

"काकू, हे जंतू जित्ते हायत. तुम्ही रोज मारूनच फवारताय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गेल्यावर शेडमध्ये उभी राहून मी मालकांशी मोठ्याने भांडले. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. भांडता भांडता रडले, आणि थोडं बरं वाटलं.

हात ब्लीचिंगमध्येच धुतले, पंप मात्र विहिरीच्या पाण्याने. आजारी अळ्या वेचून पुरल्या. उरलेल्या सावरल्या, जाळीवर चढल्या आणि पांढरेशुभ्र, घट्ट कोष बांधून बसल्या. मुलगा म्हणाला, "जिंकलीस. राहा आता तिकडंच." आम्ही दोघंही हसलो.

कोष विकून आले, रॅक धुतले. दुसऱ्या दिवशी पहाटे विळा घेऊन निघाले आणि अंगणातच थांबले. कोणाला काही घालायचं नव्हतं. दिवस उजाडल्यावर चॉकीवाल्याला फोन लावला, पुढची बॅच लगेच पाठव म्हटलं.

"एवढी घाई कशाला, काकू? दीड महिना तरी जाऊ द्या."

"पाला वाया चाललाय," मी म्हणाले.

माझी तुतीची बाग बुडख्यापर्यंत छाटलेली त्याने परवाच डोळ्यांनी बघितली होती. तरी तो म्हणाला, "बरं काकू, बघतो."