सरकारांच्या बागेतली झडती

चहा घ्या आणि ऐका. हा किस्सा आमच्या मंगलकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच सांगून टाकलेला बरा. बायको सांगते तेव्हा त्यात तिखटमीठ फार असतं, आणि दुर्दैवाने सगळं खरं असतं.

तुम्हाला माहीतच आहे, मी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीचा सुपरवायझर. येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी बघायची, डबा उघडायला लावायचा. संशयावरच आमची चूल पेटते. भाजीवालीने कोथिंबीर फुकट दिली तरी मी मंगलला विचारतो, का दिली?

तर दसरा झाला आणि मला सरकारांच्या बागेची आठवण आली. अक्कलकोटच्या वाटेवर, आमच्या गावाबाहेर, जुन्या जहागीरदारांची ही बाग; त्यांनाच गाव सरकार म्हणायचं. मधोमध दगडी शिकारी बंगला, चिंचांची रांग, पायऱ्यांची विहीर. माझे वडील तिथे माळी होते, त्यामुळे माझं सगळं लहानपण त्या झाडांखाली गेलं. म्हटलं, मंगलला एकदा दाखवू. मोटारसायकल काढली.

जाऊन बघतो तर बागेची रया गेलेली. चिंचा निम्म्या वाळलेल्या, विहिरीच्या तळाशी नुसता पाला. वडिलांनी लावलेली सीताफळाची झाडं तेवढी तग धरून होती. एकाला दोन-चार फळं होती, डोळे उघडलेली, पिकायला आलेली. मी ती काढून पिशवीत टाकली.

"अहो, कुणाला विचारून तरी घ्या," मंगल म्हणाली.

"कुणाला विचारू? माझ्या बापाने लावलेलं झाड आहे."

तेवढ्यात विहिरीपलीकडे हालचाल दिसली. मी मंगलला ओढून चिंचेमागे घेतलं.

एक म्हातारा, अनवाणी. तळहातावर आडवा नारळ, डोळे अर्धे मिटलेले, एकेक पाऊल तोलून टाकतोय. त्याच्या मागे एक टोपीवाला, हातात खुणा करायच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी. आता तुम्हीच सांगा, ओसाड बागेत भरदुपारी नारळ घेऊन माणूस काय करतो? सरकारांनी विहिरीपाशी मोहरांचा हंडा पुरलाय, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगायचं.

"गुप्तधन," मी पुटपुटलो. "मंगल, तू गेटवर जा. कडी लाव. पिशवी बघितल्याशिवाय कुणालाही बाहेर सोडायचं नाही. अगदी कुणालाही."

ती गेली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, घाबरली बिचारी.

गेटशेजारच्या भिंतीवर पोलीस पाटलांचा नंबर रंगवलेला होता. सवयीप्रमाणे मी तो येतानाच टिपून ठेवला होता. लावला.

"हॅलो," पलीकडून कुणीतरी कुजबुजलं.

"पाटील, सरकारांच्या बागेत गुप्तधन काढायला माणसं आलीत."

"आँ? कवा?"

"आत्ता. माझ्या डोळ्यांसमोर. एक म्हातारा नारळ घेऊन फिरतोय."

"अनवाणी हाय का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?" मला लगेच पाटलांचाच संशय आला. "आणि तुम्ही इतकं हळू का बोलताय?"

"हितं काम चालू हाय. त्येच्यासंगं दुसरा कोन हाय?"

"टोपीवाला आहे एक. तोंडावरूनच चोर दिसतोय. पाटील, लवकर या, तो फोनवर बोलतोय. साथीदार बोलावतोय बहुतेक."

मग समोरचा टोपीवाला, फोन कानाला धरूनच, सावकाश माझ्याकडे वळला. आणि मला तेच शब्द फोनमधूनही ऐकू आले आणि विहिरीपलीकडूनही.

"चिंचंमागनं भाईर या, पाव्हनं!"

त्या ओरडण्याने म्हातारा दचकला आणि नारळ खाली पडला. "इस्कटलं समदं. आज न्हाय आता हुयाचं," असं म्हणत त्याने नारळ आपल्या पिशवीत कोंबला आणि तरातरा चालू पडला.

पाटलांनी कपाळाला हात लावला. "पानाड्या हाय त्यो, मल्लप्पा. पानी बघायला आनलाय. त्येनं जागा दावली तर गाव बोअर मारनार, न्हाय तर ही झाडं येत्या उन्हाळ्यात गेली म्हून समजा. किती दिस मागं लागलो, तवा आज आला हुता."

माझ्या वडिलांची झाडं वाचवायला आलेला माणूस मीच हुसकावून लावला होता. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही दोघं गेटकडे पळालो.

गेटला कडी. कडीपुढे पदर खोचून मंगल. आणि तिच्या पुढ्यात बसून मल्लप्पा आपली पिशवी रिकामी करतोय. नारळ, भाकरी, शेंगाची चटणी, तंबाखू.

"बाई, सोडा की आता."

"साहेबांचा हुकूम आहे, मामा. त्यांना कोथिंबिरीचासुद्धा संशय येतो."

"घरी बी आसंच करत्यात व्हय?"

"रोज."

म्हातारा हसायला लागला. इतका हसला की ठसका लागला आणि मंगलने त्याला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. "तुजं हाल माज्यापरीस लई वंगाळ हायत, बाई," असं म्हणून तो उठला आणि नारळ घेऊन परत बागेत शिरला. खाली पाणी असलं की तळहातावरचा आडवा नारळ उभा राहतो म्हणे; तो उभा राहिला सीताफळांच्या कडेला. पाटलांनी तिथे फक्कीची फुली मारली. खाली खरंच पाणी आहे का, याचाही मला थोडा संशय आहेच, पण त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही.

निघताना गेटवर मंगलने मलाच अडवलं.

"पिशवी दाखवा."

"अगं, मी आहे."

"अगदी कुणालाही, असं म्हणाला होतात."

पाटील आणि मल्लप्पा मागेच उभे. पिशवीतून सीताफळं निघाली. अख्ख्या बागेत चोरीचा माल सापडला तो तेवढाच.

"ती माझीच आहेत," मी म्हणालो. हे वाक्य मी कारखान्याच्या गेटवर रोज ऐकतो, आणि त्यावर एकालाही कधी सोडलेलं नाही.

पाटलांनी शांतपणे खिशातून मोबाइल काढला.

"बसा जरा, पाव्हनं. पोलीस पाटलाला फोन लावतो."