तिनं लावलेली बोली

काल लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये माझ्या दुकानासाठी एका घरातलं जुनं सामान विकत घ्यायला गेलो होतो. पुस्तकांच्या खोक्यातून दमट कागदाचा वास आला आणि भाव पाडायचं सोडून मी खोक्याशीच थांबलो. माझी बायको सुधा आजारी असताना तिच्या उशाशी असायचं, त्या पुस्तकाचा हाच वास होता.

त्यात चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांच्या भक्तिकविता होत्या. डोळे थकले म्हणून एका दुपारी तिनं मला वाचायला लावलं. कवी देवाला शेजेवर बोलावत होता, मिठी मागत होता. माझे कान तापले.

"हा पाद्री होता म्हणे! असं कोणी बायकोलाही म्हणत नाही."

"तुम्ही नाहीच म्हणालात कधी," ती हसली. "आपल्या संतांच्या विराण्यांत दुसरं काय असतं? वाचा हो."

"मी देवाला सोन्याच्या मुकुटाचा नवस बोललोय. तू बरी झालीस की लगेच वाहणार."

"त्याच्याशीही घासाघीस? हा कवी बघा, मला ने, एवढंच म्हणतो."

मी चिडून पुढे वाचत राहिलो. डोळे मिटून ऐकताना तिचे गाल लग्नातल्यासारखे लाल झाले होते. महिन्याभरात ती गेली.

मुकुट करून ठेवला होता, तो कपाटातच आहे. देवाला मी तो देणार नाही. पण काल त्या खोक्याशी उभा असताना कळलं, त्या दुपारी तिनं देवाला स्वतःलाच देऊ करून माझ्यापेक्षा मोठी बोली लावली होती, आणि तीही माझ्याच आवाजात.