संगणकातला नातीचा आवाज

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांमध्ये आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. मी तिथे शिकवते. जळगावच्या एका कार्यालयाने मोडीत काढलेले चार-पाच संगणक टेम्पोतून आले आणि आमच्या मधल्या खोलीत उतरले. सगळे जुने, एकाची कळ दाबली की पंखा घरघरायचा आणि पडदा काळाच राहायचा.

माझा धाकटा भाऊ जळगावातच मेहरूणला राहतो, संगणक दुरुस्तीचं काम करतो. एका रविवारी तो आला आणि त्याने चालणाऱ्या सगळ्यांवर मुलांसाठीचं एक मोफत सॉफ्टवेअर टाकून दिलं. चित्रावर टिचकी मारली की त्या वस्तूचं नाव ऐकू यायचं, अक्षरं वरून पडायची ती पकडायची, बेरजा करत मासा पुढे न्यायचा. जुन्या यंत्रावरही ते धावत होतं. मुलं इतकी खूश झाली की मधल्या सुट्टीत घरी जेवायला जाईनात.

पण एक अडचण होती. यंत्रातली बाई शुद्ध, शहरी मराठीत बोलायची. ती ‘डोळा’ म्हणायची, आमची मुलं ‘डोया’. ती ‘केळं’ म्हणाली की केळीतच वाढलेली पोरं एकमेकांकडे बघायची. पहिलीतली तर घाबरून गप्पच व्हायची. मी भावाला फोन केला.

“ताई, हे नुसतं फुकट नाही,” तो म्हणाला. “यात आपल्याला हवा तो बदल करता येतो. त्या बाईचा आवाज काढ आणि तुझ्या पोरांचा घाल.”

मग आम्ही तेच केलं. आधी खानदेशीत, मग पुस्तकातल्या मराठीत, असे दोन्ही आवाज भरायचे ठरवलं. कुणाचा आवाज घ्यावा म्हणून सगळ्यांना एकेक शब्द बोलायला लावला. मोठी पोरं ओरडायची, लहानगी हसायची. शेवटी चौथीतली एक मुलगी उरली. वर्गात ती कधी तोंड उघडत नसे, हजेरीलाही नुसता हात वर करायची. तिला मी कानाला लावायचा तो माइक दिला आणि पडद्यावरचं मोराचं चित्र दाखवलं. तिने माइक ओठांजवळ घेतला. मग स्वच्छ, न अडखळता म्हणाली, “हाऊ मोर शे.”

मी ते तिला ऐकवलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बोटांच्या फटीतून म्हणाली, “बाई, आखो.” म्हणजे पुन्हा. मग आठवडाभर ती रोज बसली. जवळजवळ सगळी चित्रं तिच्याच आवाजात बोलू लागली. पहिलीतली मुलं तिच्या आवाजामागून म्हणायला लागली, आणि हळूहळू वर्गातही तिचा हात न उठता तोंडच उघडायला लागलं.

दिवाळी झाली आणि तिचे आईवडील गुजरातला ऊसतोडीला निघाले. मी घरी गेले. पोरीला इथेच राहू द्या, आजोबा आहेतच, शाळेत जेवण मिळतं, असं सगळं सांगितलं. तिची आई भांडी पोत्यात भरत होती. मान वर न करता ती म्हणाली, “लहानाले कोन सांभायी, बाई?” कडेवरचं पोर तिने लेकीकडे दिलं आणि पोत्याचं तोंड बांधलं. मुलगी माझ्याकडे बघतही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या सगळ्यांना घेऊन ट्रक गेला.

तिचे आजोबा मागे राहिले. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. एका बाजाराच्या दिवशी ते परत येताना शाळेच्या दारात थांबले.

“पोरं सांगतस, मनी नात तुमना डब्बामा बोलस म्हने?” त्यांची नात आमच्या संगणकात बोलते का, ते विचारत होते.

मी त्यांना आत बोलावलं. मुलांच्या छोट्या बाकावर ते गुडघे वर काढून बसले. मी चित्रांवर टिचक्या मारत गेले. ते पडद्याकडे बघत नव्हते. डोळे मिटून, कान थोडा पुढे करून ऐकत होते. “तिनी मायसारखीच बोलस,” एवढंच म्हणाले. त्यानंतर दर बाजाराला ते यायचे, मुलांसाठी पिशवीतून शेंगा आणायचे, थोडा वेळ ऐकून जायचे.

माघात मला प्रशिक्षणासाठी धुळ्याला जावं लागलं. परत आले तर मधल्या खोलीत चालणारे सगळे पडदे निळे होते. मी नसताना तालुक्याहून एक तंत्रज्ञ येऊन गेला होता. सर्व शाळांमध्ये एकसारखी नवी प्रणाली बसवायचा आदेश होता. त्याने आधीचं सगळं पुसलं आणि नवं टाकलं. मी फोन केला तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, “मॅडम, मला काय माहीत त्यात कुणाचे आवाज होते ते? आम्हाला तर कोरं करूनच टाकायला सांगितलंय.” त्याच्यावर चिडावं असं त्यात काही नव्हतं.

भाऊ जळगावहून आला. दिवसभर खटपट करून त्याने हात टेकले. “ताई, त्याच जागेवर नवीन लिहिलं गेलंय. आता नाही मिळणार.”

बाजाराच्या दिवशी आबा आले. मी त्यांना सांगितलं. नीट सांगितलं, दोनदा सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “मंग दुसरा डब्बामा व्हई.”

मी दुसरा सुरू केला. मग तिसरा. प्रत्येक वेळी निळा पडदा उजळला की ते डोळे मिटून घ्यायचे. मीही एकेक कळ दाबत गेले, जणू खरंच कुठेतरी सापडणार होतं. तो घरघरणारा, कधीच न चाललेला संगणकसुद्धा त्यांनी मला लावायला लावला. मग उठले, शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली. “ऱ्हाऊ दे, बाई. तू काय करशी?” म्हणाले आणि गेले.

जूनमध्ये मुलगी परतली. उंच झाली होती, हात उसाच्या पानांनी चिरलेले. मी तिला हौसेने संगणकासमोर बसवलं. नव्या प्रणालीने आधी विद्यार्थी क्रमांक मागितला. तिचा टाकला, तर ‘नोंद आढळत नाही’ असं आलं. तालुक्याला कळवलं. होईल म्हणाले. नवे आवाज भरता येतील का, असंही विचारलं, पण त्यात काहीच बदलता येत नाही असं उत्तर आलं. ती काही दिवस बसून पडद्याकडे बघायची, नंतर मागच्या बाकावर जाऊन बसायला लागली. हजेरीला पुन्हा हात वर करू लागली.

पावसाळ्यात तालुक्याहून निरोप आला, मुलं नवी प्रणाली वापरत असल्याचा फोटो तातडीने पाठवा. त्या दिवशी वीज नव्हती. मी मुलांना काळ्या पडद्यांसमोर बसवलं, फोटो काढला आणि पाठवून दिला. थोड्या वेळाने उत्तरात एक अंगठा आला.