दुहेरी गाठ

अकोल्याच्या कचेरीत मी कारकून म्हणून लागलो आणि पहिल्याच सुट्टीत बाला नव्या वहाणा घेऊन दिल्या. मूर्तिजापूरच्या बाजारात त्याने दुकानदाराचा जीव खाल्ला. जोडामागून जोड पायात घालून चालून पाहिले आणि शेवटी सगळ्यांत जास्त वाजणारा निवडला. कर्र कर्र, कर्र कर्र. मी म्हटलं, अरे, न वाजणारा घे की. तर म्हणाला, वाजलाच पाहिजे, माणूस येऊन राहिला हे लोकांना कळलं पाहिजे.

त्याच्या या हट्टाला कारण होतं. पाटलाच्या वाड्यापुढून जाताना आमच्या लोकांनी वहाणा काढून हातात घ्यायच्या, अशी गावाची जुनी रीत. छप्पन साली बा नागपूरला जाऊन धम्म घेऊन आला, घरातले देव नदीत सोडले आणि त्याच संध्याकाळी वहाणा घालून वाड्यापुढून गेला. विहार सोडला तर यापुढे कोणाच्याही दारात वहाणा काढणार नाही, हे त्याने मायला आणि मला बजावून सांगितलं. आमच्यापैकी दुसऱ्या कोणी काढल्या तर बा चारचौघांत त्याची खरडपट्टी काढायचा.

त्रेसष्टच्या हिवाळ्यात आम्ही तिघं नरनाळा किल्ला बघायला गेलो. तिथली नऊ गजाची तोफ बघायची बाची लहानपणापासूनची हौस होती. अकोटपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, मग चढण. पायथ्याला मी बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारली तेव्हा माय हसली. म्हणाली, साहेब डोंगर चढून राहिला.

बाने तोफेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि खूश झाला. मग आम्ही महालाकडे निघालो. किल्ल्यावर अकोटचे एक म्हातारे मुसलमान चाचा राखणीला होते. सापडलेले तोफगोळे, अक्षरं कोरलेले दगड, फुटक्या फरशा असं सगळं त्यांनी महालाच्या पडवीत ओळीने मांडून ठेवलं होतं. त्याला ते ऐटीत अजब बंगला, म्हणजे संग्रहालय, म्हणायचे. या, बघून जा, म्हणून त्यांनीच हाक मारली.

पायऱ्यांवर मी पुढे होतो. मधल्या पायरीवर जरा टेकलो, धाप ओसरली तसा उठलो. उंबऱ्याशी पोचलो आणि मागची कर्र कर्र एकदम थांबली.

वळून पाहिलं तर बाची मान खाली. वहाणा डाव्या हातात, छातीशी धरलेल्या. अनवाणी पायांनी तो भिंतीच्या कडेकडेने वर येत होता.

चाचांना वाटलं, म्हातारा चुकला. ते म्हणाले, "मज्जीद त्या बाजूले हाये, बाबा. हा महाल हाये. घाला वहाना. इथं आता कोनी राह्यत नाही."

मी घाईघाईने म्हटलं की हो, आम्हाला मशीदच वाटली. पण बाला खोटं चालायचं नाही.

"नाई," तो म्हणाला. "मले मालूम होतं महाल हाये." मग त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि मायला विचारलं, "मी कवा काढल्या?"

बाचा चेहरा असा पडला की मी घाबरलो, आणि त्या भीतीचाच मला राग आला. मी नको नको ते बोललो. सात वर्षं गावाला शिकवलं ते कुठे गेलं, एका पडक्या भिंतीला घाबरलास, लाज कशी वाटत नाही. चाचांसमोर बोललो. बा लहान पोरासारखा ऐकत राहिला.

"बापाले बोलतं," माय म्हणाली. "पयले आपल्या पायाकडं पाह्य."

मी खाली पाहिलं. माझ्या दोन्ही बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या.

मी हादरलो. दुहेरी गाठ आपोआप सुटत नाही, तीही दोन्ही पायांची. पायरीवर टेकलो तेव्हा मीच सोडली असणार, पण मला काही म्हणजे काही आठवेना. बाने निदान तरुणपणभर वहाणा हातात वागवल्या होत्या. मला तर लहानपणी वहाणाच नव्हत्या, हातात काय घेणार? मला हे कोणी शिकवलं नव्हतं. तरी माझ्या बोटांना ते येत होतं.

बाने वहाणा जमिनीवर टाकल्या, पाय सरकवले आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"बांध," म्हणाला.

गाठ बसेना. तो घाई न करता थांबला. मग माझ्या आधी आत शिरला आणि त्या पडवीतला एकेक दगड बघत कर्र कर्र वाजवत फिरला. आत काय काय होतं, मला आज सांगता येणार नाही. मी सगळा वेळ खाली बघत होतो.

पुढे नोकरीत बढती मिळाली, बदल्या झाल्या, साहेब बदलले. साहेबाने बोलावलं की दार ढकलायच्या आधी मी नाड्या बघून घ्यायचो. एकदा गाठ सुटलेली सापडली.